कढईतला केळ्याचा केक मधोमध कच्चा राहतो. शिवाय खोकला असताना तो मुलांना द्यावा का?

यावलची सून

नमस्कार. आमचे घर यावल तालुक्यात आहे. घरात सासूबाई, सासरे, आम्ही दोघे, चार वर्षांचा मुलगा आणि दहा महिन्यांची मुलगी आहे. जानेवारीची थंडी सुरू झाली की सर्दी-खोकला आमच्या घरात एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. सध्या मुलाचा ताप उतरला असला तरी खोकला आहे, धाकटीचे नाक वाहते आणि सासऱ्यांना रात्री उबळ येते. तोंडाला चव नसल्यामुळे मुलगा वरण-भाकरीला हात लावत नाही, पण केक म्हटले की अंथरुणातून उठून बसतो.

आमच्याकडे ओव्हन नाही. मी जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, त्यावर तिवई ठेवून बिनअंड्याचा केक करते. दीड वाटी कणीक, घरच्या बागेतील तीन मोठी केळी, पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी दही, पाव वाटी तेल, एक चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा असे माझे प्रमाण आहे. केक वरून फुगतो, कडेने सुटतो, मात्र मधोमध चिकट राहतो.

दुसरा प्रश्न घरातील मतभेदाचा आहे. केळ्याने कफ वाढतो म्हणून केळ्याचा केकही देऊ नये, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. नणंदबाई म्हणतात की गुळाऐवजी मध घाल, म्हणजे खोकल्यालाही बरे आणि धाकटीलाही भरवता येईल. दोघींचा मान राखून काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.

ओव्हन_नसलेली_बेकरी (जळगाव)

ताई, तुमच्या प्रमाणात पाणी जास्त आहे. आपल्याकडील ग्रँड नैन केळी आकाराने मोठी असतात. तीन केळी आणि वर अर्धी वाटी दही हे दीड वाटी कणकेला पेलत नाही. दोनच केळी घ्या आणि दही पाव वाटी करा. मिश्रण पळीतून सलग धारेने न पडता जाडसर घसरत पडले पाहिजे. फारच घट्ट वाटले तर चमचा-दोन चमचे दूध घालता येते, पण एकदा सैल झालेले मिश्रण वरून कणीक घालून सावरायला गेलात की केक दडस होतो.

केळी पुरती पिकलेली हवीत, आणि नेमकी हिवाळ्यात तीच अडचण येते. थंडीत केळी सावकाश पिकतात आणि तापमान १२-१३ अंशांच्या खाली गेले की साल काळपट पडते, पण गर मात्र कच्चाच राहू शकतो. म्हणून सालीच्या रंगावर विसंबू नका, दाबून बघा. अशा केळ्यातील पिष्टाची साखर झालेली नसते. ते नीट कुस्करले जात नाही आणि केकमध्ये त्याच्या गुठळ्या लागतात. फण्या फ्रिजमध्ये किंवा उघड्या ओसरीवर न ठेवता कापडात गुंडाळून स्वयंपाकघरातील उबदार कोपऱ्यात ठेवाव्यात.

सोडा दह्याला लागताक्षणीच काम सुरू करतो, त्यामुळे कढई आधी दहा मिनिटे तापवून ठेवावी आणि मगच ओले व कोरडे साहित्य एकत्र करावे. कोरडे पीठ दिसेनासे झाले की ढवळणे थांबवा. कणीक जास्त फेटली तर तिला चिवटपणा येतो. डबा निम्म्यापेक्षा थोडाच वर भरा आणि शक्यतो पसरट घ्या, कारण उंच डब्यात कडा भाजून निघेपर्यंत मध्यभागाला धग पोहोचतच नाही. आच मंद ठेवावी व पहिली तीस मिनिटे झाकण उघडू नये. वाफ कोंडून झाकणाचे पाणी केकवर टपकत असेल तर झाकणाला बारीकशी फट ठेवावी. पंचेचाळीस मिनिटांनंतर मधोमध सुरी खुपसून पाहा. पुढे ओव्हन घेतलात तर १७० ते १८० अंशांवर हेच मिश्रण चालेल.

कुकर वापरणार असाल तर रिंग आणि शिटी दोन्ही काढणे सक्तीचे आहे. कोरडा तापवून तो खराब होतो, म्हणून मला कढईच बरी वाटते.

निवृत्त आरोग्यसेविका (नंदुरबार)

आधी मधाविषयी. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध अजिबात देऊ नये, चाटणातही नाही आणि केकमध्येही नाही. मधात बोटुलिझम या गंभीर आजाराच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि ते घरगुती भाजण्याने मरत नाहीत. एक वर्षावरील मुलांना मात्र रात्री झोपताना अर्धा ते एक चमचा मध दिल्यास खोकल्याला आराम पडतो, म्हणून नणंदबाईंचा सल्ला तुमच्या मुलाच्या बाबतीत योग्य आहे. धाकटीला गूळ-साखरेचा केकही नको. तिला नुसते पिकलेले केळे कुस्करून द्या आणि अंगावरचे दूध चालू ठेवा.

केळ्याबद्दल सांगायचे तर सर्दी विषाणूंमुळे होते, केळ्यामुळे नव्हे. आयुर्वेदात केळे कफकारक मानले जाते आणि सासूबाई त्याच परंपरेतून बोलत आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. भाजलेला, कोमट केक सुंठ-वेलची घालून केला तर बहुधा त्यांचीही हरकत राहणार नाही. मुलगा दोन-तीन दिवस कमी जेवला तरी चालेल, पण पाणी, पेज, वरणाचे पाणी पोटात जात राहिले पाहिजे.

खोकल्याचे औषध दुकानातून परस्पर आणू नका. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेले औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच दिले आहेत. साध्या सर्दीवर प्रतिजैविकांचा उपयोग नसतो. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर मुलाला वाफ देणेही टाळा, कारण भांडे कलंडून भाजण्याचा धोका असतो.

घड्याळ लावून मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला शिका. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पीत नसेल, झटका आला असेल किंवा जागे करूनही ते गुंगीत राहत असेल, तर रात्र असली तरी थांबू नका. सासऱ्यांचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक चालला तर थुंकीची तपासणी करून घ्या. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

बट्टीप्रेमी आजी (धुळे)

सूनबाई, केक करा, पण आपल्या बट्टीला विसरू नका. जाडसर दळलेल्या गव्हात थोडे मक्याचे पीठ, ओवा, जिरे, हळद, मीठ आणि तेलाचे मोहन घालून घट्ट गोळे वळा आणि तुमच्या त्याच मिठाच्या कढईत उलटसुलट भाजा. एरवी आपण बट्ट्या उकडून, कापून तळतो. आजारी माणसाला तळण नको. भाजलेली बट्टी कुस्करून तीवर गरम तुरीचे वरण आणि चमचाभर साजूक तूप घातले की सासऱ्यांच्या घशालाही सोसते. त्यात ओव्हनचा प्रश्नच येत नाही, आणि हे भाजणे आपल्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

गोवऱ्यांवरच्या बट्टीची चव निराळी असते हे खरे, परंतु घरात खोकणारी माणसे असताना तो धूर घरात नको. अंगणात भाजा. शेगडी पेटवून दारे-खिडक्या लावून झोपणे तर जिवावर बेतू शकते. शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वासही नसतो.

यावलची सून

सर्वांचे आभार. दोन केळी आणि पसरट डबा घेऊन आज केक केला, मधोमधही नीट भाजला गेला. सुंठ घातल्याचे कळल्यावर सासूबाईंनी स्वतःच नातवाला तुकडा दिला, मात्र दुपारीच. सूर्यास्तानंतर केळे नको, ही त्यांची अट कायम आहे आणि ती मी मान्य केली आहे. धाकटीचे श्वास झोपेत मोजले, ते ३८ भरले. एक शंका उरते: बट्टीसाठी मीठ तेच वापरायचे का?

ओव्हन_नसलेली_बेकरी (जळगाव)

तेच वापरा. ते स्वयंपाकात घालू नका, थंड झाल्यावर वेगळ्या बरणीत भरून ठेवा, अनेकदा चालते. बट्ट्या थेट मिठावर न ठेवता तिवईवरच्या ताटलीत ठेवा, नाहीतर त्या खारट होतील.