मदत हवी आहे: कॉलेजच्या प्राध्यापकांना संशोधन अनुदान मिळवून द्यायचं काम अंगावर आलंय, सुरुवात कुठून करू?

पुस्तकवाली_मुलुंड

नमस्कार मंडळी,

मी मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका अनुदानित कॉलेजात ग्रंथपाल आहे. या टर्मपासून 'संशोधन कक्ष' माझ्याकडे दिलाय. कक्ष म्हणजे लायब्ररीतल्या झेरॉक्स मशीनशेजारचं एक टेबल. प्राध्यापकांसाठी बाहेरून पैसे कुठून मिळतील ते शोधायचं आणि प्रस्ताव जाईपर्यंत पाठपुरावा करायचा, असं काम. नॅकची (कॉलेजांच्या मूल्यांकनाची) फेरी जवळ आलीय, म्हणजे व्यवस्थापनाला संशोधनाची आठवण आत्ताच का झाली ते वेगळं सांगायला नको.

शोधणं हा माझा पेशाच आहे, म्हणून पहिल्यांदा यादी केली. एएनआरएफ (संशोधनाला पैसे देणारी केंद्राची संस्था), डीएसटी (विज्ञान-तंत्रज्ञान विभाग), डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग), आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन), आयसीएसएसआर (सामाजिक शास्त्रांचं संशोधन), आपल्या राज्याचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग, विद्यापीठाचं मायनर रिसर्च (छोटं अनुदान). छान रंगवलेली एक्सेल शीट स्टाफच्या ग्रुपवर टाकली. चार-पाच अंगठे आले, एका सरांनी 'स्तुत्य उपक्रम' लिहिलं, पुढे सामसूम.

मग स्टाफरूममध्ये जाऊन एकेकाशी बोलले तेव्हा तिघं खरंच उत्सुक निघाले. केमिस्ट्रीच्या मॅडम, नुकत्याच कायम झालेल्या, ठाणे खाडीच्या गाळातल्या जड धातूंवर काम करायचंय. फिजिक्सचे सर, पन्नाशीला आलेले, चुंबकीय थिन फिल्म्सवर (अतिपातळ थरांवर) पीएचडी, पण कॉलेजात एकही धड उपकरण नाही. आणि इकॉनॉमिक्सच्या मॅडम, मासे विकणाऱ्या कोळणींच्या कर्जबाजारीपणावर.

तिघांनाही यूजीसीचे मायनर-मेजर प्रोजेक्ट आठवतात. ते बंद झाल्यावर आपल्यासारख्या कॉलेजांना कोण विचारतंय, हा सूर. आयआयटीवाल्यांशी स्पर्धा करून उपयोग नाही म्हणतात. हे खरंय का? आणि मी नेमकं काय केलं तर यांच्या कामाला येईल? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहा.

ट्रॉम्बेचे_आजोबा

ताई, यादी चांगलीच केली असणार, पण ती योजनांची आहे. माणसांची करा. प्रत्येकाच्या नावापुढे जन्मतारीख, कायम नोकरीची तारीख, पीएचडीचं वर्ष, आणि शेवटचा पेपर कधी छापून आला ते. अर्ध्या योजना वयावर आणि नोकरीच्या तारखेवरच गळतात. उरलेल्या तीन-चार हातात राहतात आणि माणूस त्या वाचतो तरी.

केमिस्ट्रीच्या बाई नव्या आहेत, त्यांचा फायदा करून घ्या. सर्ब, म्हणजे विज्ञान संशोधनाला पैसे देणारं केंद्राचं मंडळ, आता राहिलं नाही. 2023 च्या कायद्याने एएनआरएफ आलं आणि 2024 मध्ये सर्ब त्यात विलीन झालं. जुन्या 'स्टार्ट-अप रिसर्च ग्रँट'च्या जागी आता पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट आहे, तीन वर्षांसाठी 60 लाखांपर्यंत. ती नोकरीला नव्याने लागलेल्यांसाठीच असते, ती मुदत टळली की परत येत नाही. तुमच्या यादीतल्या जुन्या सर्बच्या लिंका असतील तर काढून टाका.

फिजिक्सच्या सरांना सांगा, उपकरण मागू नका. कॉलेजने कोटभराचं यंत्र मागितलं की समितीचा पहिला प्रश्न असतो, तीन वर्षांनंतर याचं एएमसी (वार्षिक देखभालीचे पैसे) कोण भरणार? उत्तर नसतं. त्यापेक्षा मुंबईत बसल्याचा फायदा घ्या. पवईला आयआयटीत सैफ (महागड्या उपकरणांची सामायिक सुविधा) आहे, तिथे बाहेरच्यांचे नमुने दर आकारून मोजून देतात. ते दर बजेटमध्ये टाका. देशात कुठलं यंत्र कुठे आहे ते आय-स्टेम पोर्टलवर सापडतं.

चुंबकीय थिन फिल्म म्हणालात म्हणून खास सांगतो. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉन रिफ्लेक्टोमीटर (पातळ थर न्यूट्रॉनने तपासणारं यंत्र) आहे आणि विद्यापीठवाल्यांना तिथे काम करता यावं म्हणून यूजीसी-डीएई कन्सॉर्टियमचं मुंबई केंद्र आहे. त्यांच्या सहयोगी संशोधन योजना असतात. बीआरएनएसचंही (अणुऊर्जा खात्याचं संशोधनाला पैसे देणारं मंडळ) तसंच. तिथे अणुऊर्जा खात्यातला एक शास्त्रज्ञ प्रिन्सिपल कोलॅबोरेटर म्हणून लागतो. लोकांना ती अट अडचण वाटते. मला तर तो दरवाजा वाटतो, कारण आतला माणूस तुमचं काम वाचून हो म्हणाला की निम्मा प्रस्ताव तिथेच सुधारतो. कुर्ल्याहून ट्रॉम्बे काही लांब नाही. सरांना एखाद्या सेमिनारला पाठवा, पेपर हातात घेऊन.

आणखी एक, टेअर. पूर्वी सर्बची योजना. राज्य विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या कायम शिक्षकांनी आयआयटी किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेत वर्षातले काही महिने जाऊन काम करायचं. संशोधनाचे वर्षाला 5 लाख, ते दोन्ही संस्थांत निम्मे-निम्मे. तिला वयाची अट आहे, सरांचं बसेल असं वाटत नाही, पण केमिस्ट्रीच्या बाईंसाठी लक्षात ठेवा.

आयआयटीशी स्पर्धेचं म्हणाल तर खुल्या स्पर्धेत जाऊच नका असं मी म्हणणार नाही. पण आधी ही दारं ठोठावा.

जमाखर्च

वरचं सगळं बरोबर. पण मॅडम, तुम्ही तुमच्या अकाउंटंटला भेटलात का? नसाल तर उद्या सकाळी आधी तिथे जा. चहा घेऊन जा.

मी एका विद्यापीठाच्या वित्त विभागात बसतो (मुंबईतलं नाही). मंजूर झालेले प्रोजेक्ट रखडताना रोज बघतो आणि त्यात विज्ञानाचा दोष क्वचित असतो. मंजुरीपत्र येतं आणि कळतं की संस्थेची पीएफएमएसवर (सरकारी निधी ज्यातून येतो ते पोर्टल) नोंदणी नाही. किंवा आहे, पण लॉगिन ज्या क्लार्ककडे होतं ते निवृत्त झाले आणि ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जातो. संस्था खासगी ट्रस्टची असेल तर बऱ्याच ठिकाणी एनजीओ दर्पणचा (स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक मागतात. हे सगळं प्रस्तावाआधी तपासा, नंतर धावपळ होते.

दुसरं, हेड, म्हणजे खर्चाचे ठरलेले रकाने. उपकरणं, मनुष्यबळ, कन्झ्युमेबल्स (रसायनांसारख्या वापरून संपणाऱ्या वस्तू), प्रवास, कंटिन्जन्सी (किरकोळ खर्च), ओव्हरहेड. एका हेडचा पैसा दुसऱ्यात परवानगीशिवाय वळवता येत नाही. प्राध्यापकांना वाटतं एकूण रक्कम आपली. ओव्हरहेड संस्थेचा असतो, वीज, जागा, कार्यालय यासाठी. त्यातला थोडा भाग परत विभागाला द्यायचा की नाही हे प्राचार्यांकडून आत्ताच लेखी घ्या. पैसे आल्यावर हा विषय काढलात तर भांडण ठरलेलं.

मनुष्यबळात एक चूक सर्रास दिसते. जेआरएफला (प्रोजेक्टवर घेतलेल्या कनिष्ठ संशोधकाला) 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000. म्हणजे वर्षाचे 4,44,000, त्यावर मुंबईच्या दराने घरभाडं वेगळं. पण तो दर नेट किंवा गेट असलेल्याला. तसा उमेदवार मिळणार नसेल तर प्रोजेक्ट असोसिएट लिहा, त्याचे दर वेगळे. बजेट बनवताना घरभाडं विसरलात तर मुलगा घेता येत नाही, नाहीतर कन्झ्युमेबल्सवर डोळा जातो.

आणि यूसी, म्हणजे पैसे ठरल्या कामाला वापरल्याचं प्रमाणपत्र. जीएफआरचा (केंद्राच्या वित्तीय नियमांचा) फॉर्म 12-अ. 31 मार्चला वर्ष बंद, त्याबरोबर खर्चाचं विवरण. पुढचा हप्ता यावरच अडकतो. व्याज तुमचं नसतं, सरकारला परत करायचं असतं. फॉर्म आत्ताच डाउनलोड करून अकाउंटंटला दाखवा, म्हणजे पहिल्या दिवसापासून बिलं त्याच हेडप्रमाणे लावतील.

दादरची_समाजशास्त्रज्ञ

इकॉनॉमिक्सच्या मॅडमसाठी आयसीएसएसआरच. त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र आपल्याच कालिना कॅम्पसमध्ये, जे. पी. नाईक भवनात आहे. एकदा जाऊन या. तिथले लोक बोलतात.

विषय सुंदर आहे, फक्त मोठा करू नका. 'महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरील मच्छीमार स्त्रिया' असं लिहिलं की परीक्षक नमुना किती घेणार विचारतो आणि उत्तर डळमळतं. ससून डॉकला माल उचलणाऱ्या आणि उपनगरात टोपली घेऊन दारोदार जाणाऱ्या, अशा दोनच गटांची तुलना केली तरी पुष्कळ आहे. पहाटेच्या लिलावाला रोख कुठून येते, कोण किती व्याज लावतं, पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा हप्ता कसा फिरवतात, हे प्रश्न ठेवा. कोळणींशी आधी ओळख असेल तर ते प्रस्तावात लिहायला लाजू नका, ती पात्रता आहे. मुलाखतींसाठी एथिक्स समितीची मान्यता लागेल. कॉलेजात समिती नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे अर्ज करता येतो का ते आधी विचारा.

टोमणेबहाद्दर

सगळं नॅकसाठी चाललंय आणि तुम्ही मनापासून करताय, धन्य आहात! एक सावधगिरीचा इशारा. 'प्रस्ताव लिहून देतो, मंजूर झाला तर दहा टक्के' अशी माणसं कॉलेजांत फिरतात. आमच्याकडे एक येऊन गेला, तोच मसुदा तीन कॉलेजांना विकलेला निघाला. अनुदानातून असली टक्केवारी कुठल्याच हेडमध्ये बसत नाही. चहा पाजून वाटेला लावा.

पुस्तकवाली_मुलुंड

सगळ्यांचे मनापासून आभार. जमाखर्चदादा, अकाउंटंटना भेटले. पीएफएमएसचं लॉगिन आहे. पासवर्ड एका डायरीत आहे आणि ती डायरी कुलूपबंद कपाटात आहे. किल्लीचा शोध चालू आहे.

केमिस्ट्रीच्या मॅडमनी सारांशाचा पहिला परिच्छेद दिलाय. मूळ इंग्रजीत आहे, मथितार्थ असा: 'प्रदूषण ही आज जगाला भेडसावणारी गंभीर समस्या आहे. वाढत्या औद्योगिकीकरणामुळे जलस्रोत दूषित होत आहेत. म्हणून जड धातूंचा अभ्यास ही काळाची गरज आहे.' मला काहीतरी खटकतंय, पण विषय माझा नाही. कुणी बघाल का?

ट्रॉम्बेचे_आजोबा

खटकतंय ते बरोबरच. ही तीन वाक्यं कानपूरच्या गंगेलाही चालतील आणि पुण्याच्या मुठेलाही. परीक्षकाच्या पुढ्यात असे गठ्ठे पडलेले असतात.

बाईंना विचारा, तुमच्या खाडीत असं काय आहे जे दुसरीकडे नाही? एका काठाला ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा, दुसऱ्या काठाला मुंबईची उपनगरं. मधला भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि 2022 पासून रामसर स्थळ. गाळात शिसं, कॅडमियम किती हे बऱ्याच जणांनी मोजलंय, त्यामुळे नुसतं 'मोजणार' म्हणून पैसे मिळणार नाहीत. त्यातलं किती धातू सुटून जिवांच्या शरीरात जाऊ शकेल अशा रूपात आहे, आणि पावसाळ्याआधी नि नंतर ते बदलतं का, हा प्रश्न झाला. मग पहिला परिच्छेद असा काहीसा व्हावा:

'ठाणे खाडीच्या गाळातील शिसे व कॅडमियम यांचे एकूण प्रमाण अनेकांनी नोंदवले आहे. त्यापैकी किती भाग जैवउपलब्ध आहे आणि पावसाळ्याने त्यात किती फरक पडतो, हे या प्रकल्पात काठावरच्या ठरावीक ठिकाणी, बीसीआर क्रमवार निष्कर्षण पद्धतीने तपासले जाईल.'

(बीसीआर म्हणजे गाळातले धातू टप्प्याटप्प्याने वेगळे काढायची पद्धत.) कुठे, काय, कसं, सगळं दोन वाक्यांत. 'काळाची गरज' आपोआप गळून पडली. ठिकाणांची नावं आणि संख्या बाईंनी भरावी. फक्त आधी कुणी याच प्रश्नावर छापलंय का ते तुम्ही शोधून द्या. ग्रंथपाल असल्याचा खरा उपयोग इथे आहे.

आणि अभयारण्यातला गाळ उचलायला वनविभागाची परवानगी लागते. ती यायला वेळ लागतो, म्हणून निदान अर्ज केल्याची पोच प्रस्तावाला जोडा. नाहीतर भरतीच्या वेळापत्रकापर्यंत सगळं लिहिलेलं असतं आणि परवानगीचा पत्ताच नसतो.

पुस्तकवाली_मुलुंड

काका, हे वाचून मॅडम खूश झाल्या आणि थोड्या चिडल्याही (आठवड्याची मेहनत होती ती). पण लगेच पुन्हा लिहायला बसल्यात. मी या खाडीवरचे जुने पेपर काढायला घेतलेत, शोधगंगेवरचे (पीएचडी प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) प्रबंधही चाळतेय.

एक शेवटची शंका. आमच्याकडे सध्या प्रभारी प्राचार्य आहेत, कायम नेमणूक झालेली नाही. एन्डोर्समेंटवर (प्रस्तावासोबतच्या संस्थेच्या संमतिपत्रावर) त्यांची सही चालेल का? मॅनेजमेंटचे सेक्रेटरी म्हणताहेत की सही त्यांचीच लागेल.

जमाखर्च

संस्थाप्रमुख म्हणून आज ज्यांच्याकडे कार्यभार आहे त्यांची सही आणि कॉलेजचा शिक्का. पदनामात 'प्रभारी' स्पष्ट लिहा, कार्यभार दिल्याच्या आदेशाची प्रत फाइलला लावून ठेवा. सेक्रेटरींची सही नमुन्यात मागितली असेल तरच घ्या. नमुना त्या त्या योजनेच्या जाहिरातीबरोबर येतो, त्यातला मजकूर आपल्या मनाने बदलू नका, लेटरहेडवर जसाच्या तसा टाइप करा.

आणि सही शेवटच्या दिवशी घ्यायला जाऊ नका. प्रभारी प्राचार्य नेमके त्याच दिवशी विद्यापीठात मीटिंगला गेलेले असतात.

किल्ली सापडली का?