गृहपाठातलं चुकीचं उत्तर तसंच राहू द्यावं का?

उंटावरचा शहाणा
सहावीतल्या भाचीला प्रश्न होता : थंड पाण्याच्या पेल्यावर बाहेरून थेंब का जमतात? तिने लिहिलं, "पेल्यातून पाणी झिरपतं." मी खोडरबर पुढे केलं, "हवेतल्या बाष्पाचं संघनन होतं" असं सांगितलं आणि मोकळा झालो. तिनेही निमूट लिहून घेतलं. नंतर वाटलं, हा गृहपाठ केला कुणी? माझं मत : घरच्यांनी उत्तर सांगूच नये. उलट प्रश्न विचारावा, आणि तरी चुकलं तर चूक तशीच वहीत जाऊ द्यावी.

रात्रीचे दहा
रविवारी सकाळी ठीक आहे हो हे. पोर पेंगत असताना "तुला काय वाटतं बाळा?" विचारणं म्हणजे छळ. शिवाय सगळंच विचार करून सापडत नाही. पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जास्त असते, हे कुणाला आपोआप सुचणार? सांगावंच लागतं. 'संघनन' हा शब्दसुद्धा.

खडूची धूळ
मी विज्ञान शिकवते. "झिरपतं" हे उत्तर मला हवंच असतं. सगळ्या वह्यांत एकच निर्दोष वाक्य आलं की कुणाचं कुठे अडलंय ते थेट परीक्षेत कळतं. आणि मोठ्यांची उत्तरं तरी बरोबर असतात का? "उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते" हे घरून पढवलेलं उत्तर दरवर्षी येतं. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला हेच अंतर १५.२ कोटी होतं. ऋतू होतात ते अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, हे दुसरं लाडकं उत्तर. (सावली फक्त ग्रहणात पडते!)

रात्रीचे दहा
बाई, पण चुकलेल्या उत्तराचे गुण तुम्हीच कापता ना?

खडूची धूळ
कापते. मुद्दा मान्य. पण समासात पेन्सिलीने "घरी सांगितलं" एवढं लिहिलंत तरी मला पुरे.

मागचा बाक
उत्तर माहीत असून न सांगणं ही चैन आहे. ज्याच्या घरी सांगणारंच कुणी नाही, त्याला तुमचा उलट प्रश्नही मिळत नाही. अशा मुलाला मी आधी सरळ उत्तर देईन, प्रश्न नंतर.

उंटावरचा शहाणा
पटतंय. तरी एक सांगतो. आज भाचीला विचारलं, "झिरपतंय हे तपासायचं कसं?" गारेगार पाण्याची झाकण घट्ट लावलेली बाटली कोरडी पुसून डिजिटल काट्यावर ठेवली. आतलंच पाणी बाहेर येत असेल तर वजन तेवढंच राहायला हवं. वीस मिनिटांत तीन ग्रॅम वाढलं! मी विजयी मुद्रेने पाहिलं, तर म्हणते, "काटाच चुकत असेल." आता साध्या पाण्याची बाटली काट्यावर ठेवून बसलीये. वही अजून कोरीच.

रात्रीचे दहा
आणि वाजलेत किती?