चादरीवरून विणकर कळतो, जगावरून ईश्वर कळतो का?

विणकरकन्या, सोलापूर
एम.ए.ला न्यायदर्शन, म्हणजे तर्कावर भर देणारं भारतीय दर्शन, आहे. त्यातल्या उदयनाचार्यांच्या अनुमानापाशी अडकले आहे: जे जे कार्य, म्हणजे उत्पन्न झालेली वस्तू, त्याला कर्ता असतो, जसा घटाला कुंभार, पृथ्वी, अंकुर हीही कार्यंच, म्हणून त्यांचाही कर्ता आहे, तो ईश्वर.

मी पूर्व भागात मागांच्या खडखडाटात वाढले. चादर हातात घेतली की कळतं, कुणीतरी ताणा भरला, कुणीतरी नक्षी विणणाऱ्या जेकार्डला कार्डं लावली. पण हे कळतं ते विणणारे पाहिलेत म्हणून. जग घडताना कुणी पाहिलं? गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज आले की माझेही हात जुळतात. पण हात जुळणं वेगळं आणि सिद्ध झालं म्हणणं वेगळं. ‘जिथे कार्य तिथे कर्ता’ असा कधीच न चुकणारा संबंध, म्हणजे व्याप्ती, आणायची कुठून?

निवृत्त_मास्तर
बाळ, तुझी शंका फार जुनी आहे. सातव्या शतकात बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तींनी विचारलं, वारूळही मातीचंच, मग तेही कुंभारानं केलं म्हणायचं का? स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमचे धर्मविषयक संवाद त्याच्या मृत्यूनंतर 1779 मध्ये छापले गेले, त्यातही हाच मुद्दा आहे. घरावरून बांधणारा कळतो, कारण घरं बांधताना आपण पाहतो. जग एकच, ताडून बघायला दुसरं नाही.

तर्करसिक
ताई, न्यायाची बाजू एवढी लेचीपेची नाही. अंकुराचा कर्ता दिसत नाही म्हणून व्याप्ती मोडत नाही. अंकुर तर पक्षातच, म्हणजे ज्यांचा कर्ता सिद्ध करायचाय त्या वस्तूंतच, आहे, वादातली वस्तू विरोधी दाखला म्हणून चालत नाही. ‘सगळे कर्ते देहधारीच दिसतात’ हा आक्षेप जास्त जड. त्यावर उत्तर असं की कर्त्याला ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न लागतात, देह नव्हे. शिवाय अशी शंका ताणत नेली तर धुरावरून अग्नीही कळायचा नाही. उदयन म्हणतात, शंका आपल्याच वागण्याशी विसंगत ठरते तिथे थांबते. अग्नीविषयी शंका घेणाराही धूर हवा असला की चूलच पेटवतो.

विणकरकन्या, सोलापूर
अंकुराचं पटलं. धुराचं नाही. धूर दिसला तर डोंगर चढून आग बघून येता येतं. इथे कुठल्या डोंगरावर जायचं? या दोन शंका एका मापाच्या नाहीत. आणि देहाशिवाय प्रयत्न असतो हे कशावरून? विणकराचा प्रयत्न मला त्याच्या खांद्यांत, बोटांत दिसत आलाय. मीमांसक कुमारिल भट्ट तर वेद प्रमाण मानणारे, तरी ‘श्लोकवार्तिका’त ते विचारतात की शरीरच नाही तर प्रजापतीला सृष्टी करायची इच्छा तरी कशी होईल? तर्करसिक, नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, याला काय उत्तर देतात? मला तेच वाचायचंय.