१६ फुटी जुना ट्रॅव्हल ट्रेलर: आधी लिथियम-सोलर की आधी छप्पर?

परसदारचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. २०१६ सालचा १६ फुटी ट्रेलर सेकंडहँड घेतलाय. एकच अ‍ॅक्सल, ३,५०० पौंडांचा, लीफ स्प्रिंग, १० इंची इलेक्ट्रिक ब्रेक. लाकडी सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, वर ईपीडीएम रबराचं छप्पर. ओढायला व्ही-६ हायलँडर. मुक्काम न्यू जर्सी, म्हणजे हिवाळाभर ट्रेलर ड्राइव्हवेवर बर्फात.

वापर: हुकअप (वीज-पाण्याची जोडणी) नसलेल्या स्टेट पार्कात दोन-तीन रात्री, मे ते ऑक्टोबर. जुनी ग्रुप २४ लेड-अ‍ॅसिड बॅटरी मेलेली आहे. बेत असा की १०० अँपिअर-अवरची लिथियम आणि छपरावर २०० वॉटचं पॅनल. हाताशी मल्टिमीटर, टॉर्क रेंच, सॉकेट सेट आहे. बजेट १,२०० डॉलर.

प्रश्न: कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवरून १२ व्होल्ट देणारा आणि बॅटरी भरणारा डबा) बदलावा लागेल का? पॅनल थेट छपराला स्क्रूने बसवलं तर चालेल का? आणि पहिल्या सहलीआधी आणखी काय बघावं? पुढच्या डाव्या कोपऱ्यात वॉलपेपर थोडा सुरकुतलाय. आधीचा मालक म्हणाला, दमट हवेने होतं तसं.

---

पाना_नंबर_दहा

दमट हवेने एकच कोपरा सुरकुतत नाही हो. बॅटरी राहू द्या बाजूला. ३०-४० डॉलरचा दोन सुयांचा मॉइश्चर मीटर आणा आणि तो कोपरा खालपासून वरपर्यंत दर सहा इंचांवर टोचून बघा. आधी आतल्या एखाद्या कोरड्या भिंतीचा, म्हणजे कपाटाच्या पार्टिशनचा आकडा घ्या, तुलनेला. १५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. १५ ते २० संशयास्पद. २० च्या वर पाणी आहे असंच धरा. मग अंगठ्याने दाबून बघा: प्लाय बिस्किटासारखा आत गेला तर मामला पॅचवर्कच्या पलीकडे गेलाय.

पाणी जिथे दिसतं तिथून ते शिरलेलं नसतं. या बांधणीत पुढच्या कोपऱ्याला तीन वाटा असतात: छप्पर आणि पुढची भिंत जुळते तो आडवा सांधा, कोपऱ्यावरची उभी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, आणि वरचे नारिंगी मार्कर लाइट. मार्कर लाइटवर लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात. तो वरून आणि दोन्ही बाजूंनी सील करायचा, खालची कड मात्र उघडी ठेवायची. चहूकडून बंद केलात तर आत गेलेलं पाणी बाहेर यायला जागा न मिळाल्याने वायरच्या भोकातून भिंतीत उतरतं.

कोपऱ्याची पट्टी अशी उघडा. पट्टीच्या खाचेत व्हिनाइलची पट्टी दाबून बसवलेली असते, ती खालच्या टोकाकडून ओढून काढा. मग स्क्रू. काढलेले स्क्रू क्रमाने पुठ्ठ्यात टोचत जा. वरचे चकचकीत आणि मधूनच चार तांबडे, गंजून बारीक झालेले निघाले तर पाणी नेमकं तिथे मुरतंय. पट्टीमागचा वाळलेला मसाला प्लास्टिकच्या स्क्रेपरने खरवडा. धातूचा वापरलात तर पत्र्याचा रंग जाईल. उरलेला चिकटा मिनरल स्पिरिटने जातो, पण ते फक्त पत्र्यावर. छपराच्या रबराला पेट्रोलियमवालं काहीही लावू नका, ईपीडीएम फुगतं. शेवटचा हात आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा.

आता नवी ब्यूटाइल टेप (सांधा बुजवणारी मऊ चिकट पट्टी), १/८ इंच जाड, ३/४ इंच रुंद. पट्टी बसवा, आठ नंबरचे स्टेनलेस स्क्रू घाला, जुन्यापेक्षा पाव इंच लांब, म्हणजे नवं लाकूड पकडेल. स्क्रू हातानेच पिळा. ड्रिलने एका दमात आवळलेत तर कडेने सगळी टेप बाहेर येते आणि मध्ये काही उरत नाही. ब्यूटाइल हळूहळू दबतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा वेढा द्या आणि मगच बाहेर आलेली कड प्लास्टिकच्या सुरीने कापा.

छपरावर डायकोर कंपनीचं सेल्फ-लेव्हलिंग (आपोआप पसरणारं) लॅप सीलंट आडव्या भागावर, आणि उताराच्या किंवा उभ्या भागावर त्यांचंच नॉन-सॅग (न ओघळणारं). दोन्हींची अदलाबदल झाली की सेल्फ-लेव्हलिंग उभ्या भिंतीवरून मधासारखं ओघळतं. जुनं सीलंट घट्ट चिकटलेलं असेल तर स्वच्छ करून त्याच्यावरच नवा थर द्या. भेगा पडलेले आणि कडेने सुटलेले तुकडेच काढा. पण कुणी सिलिकॉन फासून ठेवलं असेल तर ते मुळापासून काढावं लागतं, कारण सिलिकॉनवर काहीच धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. व्हेंट, प्लंबिंगचे पाइप, अँटेना, पुढचा-मागचा सांधा मिळून १६ फुटीला चार ते सहा ट्यूब लागतील. हवा ५० फॅरनहाइटच्या वर हवी. काही तासांत साय धरते, पूर्ण मुरायला महिनाभर लागू शकतो.

वर थेट उभे राहू नका. प्लायचा तुकडा टाकून गुडघ्यांवर, किंवा सरळ शिडीवरून.

---

ग्रीसचे_हात

वर सगळं बरोबर, पण गळका ट्रेलर निदान घरी तरी आणतो. बेअरिंग गेलं की चाक हायवेवर तुम्हाला ओव्हरटेक करून जातं. मागच्या मालकाने काय केलं होतं ते विचारूच नका, उघडून बघा. एका दिवसाचं काम आहे.

३,५०० पौंडी अ‍ॅक्सलला बहुतेक वेळा आतलं बेअरिंग एल६८१४९, बाहेरचं एल४४६४९ असतं. तरी बेअरिंगच्या आतल्या रिंगवर कोरलेला नंबर वाचूनच मागवा. ग्रीस सील दोन, कॉटर पिन दोन, लिथियम कॉम्प्लेक्स एनएलजीआय २ ग्रीसचा एक डबा. सील पुन्हा वापरायचं नाही, कितीही नवं दिसलं तरी.

चाकाचे नट, चाक जमिनीवर असतानाच सैल करा. जॅक अ‍ॅक्सलच्या नळीखाली लावायचा नाही, ती वाकते. अ‍ॅक्सलजवळ चॅसिसच्या फ्रेमखाली लावा आणि स्टँड ठेवा. दुसऱ्या चाकाला दोन्ही बाजूंनी गुटके.

बेअरिंग केरोसीन किंवा पार्ट्स क्लीनरमध्ये धुवा आणि पूर्ण वाळू द्या. एअर गनने गरगर फिरवायची हौस नको. रोलर उजेडात धरून बघा: निळसर झाक म्हणजे तापलंय, खळगे किंवा पापुद्रे म्हणजे संपलंय. बेअरिंग बदललं तर हबमधली त्याची रेसही (रोलर जिच्यावर फिरतात ती बाहेरची रिंग) बदला, जोडी मोडू नका. भरताना तळहातावर लिंबाएवढं ग्रीस घ्या आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यात कडेने दाबत राहा, वरच्या बाजूने रोलरांमधून ग्रीस शेवयांसारखं बाहेर येईपर्यंत. मग थोडं फिरवून पुढचा भाग. जुनं ग्रीस कुठलं ते माहीत नसताना त्यात नवं मिसळू नका. जात जमली नाही तर पातळ होऊन वाहून जातं.

स्पिंडल (हब ज्यावर फिरतो ते अ‍ॅक्सलचं टोक) नट: हब फिरवत फिरवत सुमारे ५० फूट-पौंडांवर आवळा, रेस नीट बसते. मग हब न हलवता नट सैल सोडा. नंतर फक्त बोटांनी टेकेपर्यंत. कॉटर पिनचं भोक जुळलं नाही तर किंचित मागे, पुढे कधीच नाही. गाडीच्या सवयीने घट्ट करून ठेवलेला हा नट हेच जळालेल्या बेअरिंगचं नेहमीचं कारण.

स्पिंडलच्या टोकाला ग्रीसचं निपल असेल तर त्यात गन लावून दाबत सुटू नका. हब न फिरवता भरलं तर ग्रीस मागच्या सीलमधून थेट ब्रेक शूवर जातं, आणि ग्रीस प्यायलेला शू साफ होत नाही, बदलावाच लागतो.

चाकाचे १/२ इंची नट तीन टप्प्यांत, चांदणीच्या क्रमाने: २०-२५, ५०-६०, मग ९०-१२० फूट-पौंड. १०, २५ आणि ५० मैलांनंतर पुन्हा टॉर्क रेंच लावा. टायरवर DOT या अक्षरांनंतरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा: ३११६ म्हणजे २०१६ चा एकतिसावा आठवडा. मूळचेच टायर असतील तर नक्षी कितीही शाबूत असो, काढा. ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. हवा साइडवॉलवर लिहिलेल्या कमाल दाबाइतकी, थंड टायरवर मोजून. एसटी२०५/७५आर१४ लोड रेंज सी असेल तर ५० पीएसआय.

---

तारेवरची_कसरत

आधी हिशोब. गॅसचा अलार्म सतत ०.१ अँपिअर खातो, दिवसाला अडीच अँपिअर-अवर. फ्रीज प्रोपेनवर असला तरी त्याचा कंट्रोल बोर्ड दहाएक. एलईडी दिवे, पंप, फोन मिळून आठ-दहा. खरा खादाड फर्नेसचा पंखा: चालू असताना ३ ते ४ अँपिअर, थंड रात्री आठातले चार तास चालला तर पंधरा. बेरीज ३५-४० च्या घरात. १०० ची लिथियम म्हणजे अडीच रात्री, सूर्याची मदत न घेता. तुमच्या वापराला छपरावर पॅनल लागतच नाही. आत्ताच सीलंट लावलेल्या छपराला आठ-दहा भोकं कशाला? १०० वॉटचं घडीचं पॅनल घ्या, ट्रेलर सावलीत आणि पॅनल उन्हात ठेवता येतं. फ्रीज मात्र १२ व्होल्टवर चालवू नका, तो एकटाच दहा-पंधरा अँपिअर ओढतो.

कन्व्हर्टर: बाहेरची वीज (शोअर पॉवर) लावून बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. १४.२ ते १४.६ वर जात असेल तर उत्तम. १३.६ वरच राहत असेल तरी लिथियम भरते, फक्त शेवटचा टप्पा रेंगाळतो. म्हणजे लगेच बदलायची गरज नाही. १५ च्या वरचा इक्वलाइझ मोड (लेड-अ‍ॅसिडसाठी मुद्दाम जास्त व्होल्टेज देणारा) असेल तर तो बंद हवा. पहिल्यांदा रिकामी बॅटरी भरताना कन्व्हर्टर ते बॅटरी वायर हाताने चाचपा. लेड-अ‍ॅसिड लवकर हात आखडते, लिथियम जवळपास शेवटपर्यंत पूर्ण करंट मागते, आणि बारीक वायर तापते.

आता ज्यात नवीन माणूस हमखास फसतो ते. गाडीच्या बॅटरीमुळे काळी म्हणजे निगेटिव्ह हे डोक्यात पक्कं असतं. अमेरिकन ट्रेलरच्या १२ व्होल्ट वायरिंगमध्ये बहुधा काळी पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह असते, घरच्या वायरिंगसारखी. काळी मायनसला लावलीत की कन्व्हर्टरचे रिव्हर्स पोलॅरिटीचे फ्यूज उडतात, नशीब चांगलं असेल तर तेवढंच. रंगावर जाऊ नका, मल्टिमीटर लावा आणि मग लाल टेप गुंडाळून ठेवा.

पॉझिटिव्ह टोकावरच एमआरबीएफ प्रकारचा (बॅटरीच्या टोकावरच बसणारा) १०० अँपिअरचा फ्यूज. लिथियम शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते, साधा ब्लेड फ्यूज तिथे तुटल्यावरही आर्क धरून ठेवू शकतो.

बॅटरी पुढच्या दांड्यावरून आत बाकाखाली नेणार असाल तर दोन गोष्टी. जुनी ५० पौंडांच्या आसपास, नवी त्याच्या निम्मी. शिवाय जागा मागे सरकली, म्हणजे हिचवरचं (गाडीला जोडायच्या सांध्यावरचं) वजन कमी झालं. ते एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के राहायला हवं, नाहीतर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. पुन्हा मोजा. दुसरं म्हणजे ब्रेकअवे स्विच. ट्रेलर सुटला तर ब्रेक धरून ठेवणारी ती तार डिस्कनेक्ट स्विचच्या आधीच, थेट बॅटरीवर हवी. चाचणी घेताना गाडी-ट्रेलर जोडणारा सात पिनांचा प्लग काढा, मग ब्रेकअवेची पिन ओढा, चाकं जाम होतात का बघा आणि लगेच परत घाला. जास्त वेळ ठेवलीत तर ब्रेकमधले मॅग्नेट तापतात.

पार्क केल्यावरही सात पिनांचा प्लग काढून ठेवा. लिथियम १३.३ वर असते, गाडीची बॅटरी १२.६ वर. काही गाड्यांत ती लाइन इंजिन बंद असतानाही जिवंत राहते आणि रात्रभर ट्रेलर गाडीला पाजत बसतो.

शून्य सेल्सिअसखाली लिथियम चार्ज करायची नाही. नोव्हेंबरात काढून अर्धी भरलेली घरात ठेवा.

---

नळावरची_ताई

पाण्याचं कुणीच बोललं नाही म्हणून थोडक्यात. गीझर सबर्बन कंपनीचा असेल तर त्यात अ‍ॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजणारी कांडी) असतो, १ १/१६ इंची सॉकेटने निघतो. तीन चतुर्थांश झिजला की नवा. अ‍ॅटवुड कंपनीची टाकी अ‍ॅल्युमिनियमची, तिला नुसता प्लास्टिकचा बूच. त्यात रॉड घालायचा उद्योग करू नका. दोन्हीत आधी गीझर बंद, पाणी गार, वरचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून दाब मोकळा, मगच पाना. नाहीतर उकळतं पाणी थेट अंगावर.

न्यू जर्सीत ऑक्टोबरअखेर गीझर बायपास करा आणि गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ पंपाने ओढून प्रत्येक नळातून गुलाबी येईपर्यंत सोडा, फ्लश आणि बाहेरचा शॉवर धरून. दोन गॅलन पुरतात. गाडीच्या रेडिएटरचं कधीही नाही, ते विषारी असतं. आणि गॅस अलार्मच्या मागची तारीख बघा, २०१६ चा असेल तर तो आता नुसती शोभेची वस्तू आहे.

---

परसदारचा_पाहुणा

सर्वांचे आभार. सोलर रद्द. मीटर आणला: आतलं पार्टिशन ११, कोपऱ्यात मार्कर लाइटजवळ १९, मध्ये १७, तळाशी २६. अंगठ्याने कुठेच दबत नाही. पाना दादा, आतला प्लाय काढू का? की सील करून टाकू?

---

पाना_नंबर_दहा

दबत नाही म्हणजे वेळेत सापडलं. प्लाय काढू नका, पण लगेच सीलही करू नका. आतलं पाणी कोंडलं जाईल आणि उन्हाळ्यात तिथेच कुजेल. कोपऱ्याची पट्टी आणि मार्कर लाइट काढून ठेवा, बाहेरून ताडपत्री अशी बांधा की पाऊस लागणार नाही पण वारा खेळेल. आत डीह्युमिडिफायर आणि कोपऱ्याकडे तोंड करून एक पंखा. तळाशी २६ आहे म्हणजे दोन-तीन आठवडे धरा. हीटर लावून घाई केलीत तर वॉलपेपर सुटेल.

वरचं लाकूड आधी वाळेल, तळाचं शेवटी. म्हणून तळाच्या त्याच दोन भोकांत दर तीन दिवसांनी सुया घाला आणि आकडा मास्किंग टेपवर तारखेसह तिथेच लिहा. १४ च्या खाली सलग दोनदा आला की ब्यूटाइल उघडा. आकडा १८-१९ वर अडून बसला तर तळाची पट्टी आणि पत्र्याची खालची कडही सोडवून बघा, जमिनीलगतचं आडवं लाकूड चाकाच्या उडालेल्या पाण्याने भिजत असतं.