मदत हवी आहे : दिलेल्या अक्षरांतून होणारे सगळे इंग्रजी शब्द कसे शोधायचे?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरला एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. आपल्याकडे विदर्भात उन्हापायी शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर वस्तीतली सहावी-सातवीची पोरं सकाळी ७ ते ९ माझ्या घरी इंग्रजीसाठी येतात. स्पेलिंगची धास्ती जावी म्हणून जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांचे पत्ते केले, एकेका पत्त्यावर एकेक इंग्रजी अक्षर लिहिलं. सहा पत्ते उचलायचे आणि त्यांतून जमतील तेवढे शब्द मांडायचे, एवढाच खेळ.

परवा एस, आय, एल, ई, एन, टी अशी अक्षरं निघाली. पोरांनी टेन, नेट, सिट, लाइन, टाइल मांडले. एका मुलीने सहाही पत्ते लावून सायलेंट केला, टाळ्या पडल्या. मग एक मुलगा, जो एरवी तोंडही उघडत नाही, त्याने टी-आय-एन-ई मांडलं. मला शब्द माहीत नव्हता. 'असा शब्द नसतो रे' म्हणत मी पत्ते गोळा केले.

रात्री शब्दकोश उघडला. टाइन हा शब्द आहे! जेवणाच्या काट्याला जे दात असतात, त्यातला एक दात म्हणजे टाइन. त्याने अंदाजानेच मांडला असेल, पण मांडला बरोबर होता, आणि चूक ठरवला मी. दुसऱ्या दिवशी तो आला, पण पत्त्यांना हात लावला नाही. तेव्हापासून मला चैन नाही.

म्हणून मला प्रत्येक डावासाठी पूर्ण यादी हाताशी हवी आहे. घरी नेट धड चालत नाही, त्यामुळे एक्सेलमध्ये जमलं तर उत्तम. भाच्याने इंग्रजी शब्दांची एक मोठी यादी एका रकान्यात भरून दिली आहे. मी एवढं करून पाहिलं :

फिल्टरमध्ये अक्षरांच्या मध्ये तारका (*, म्हणजे तिथे काहीही चालेल) टाकून शोधलं. टी-तारका-आय-तारका-एन असं दिलं की ट्रेन सापडतो, पण नाइट सापडत नाही, कारण त्यात एन आधी येतो. मग प्रत्येक अक्षर वेगळं शोधलं. तिथे दुहेरी अक्षराने घोळ केला. ए, पी, पी, एल, ई ही अक्षरं असलेले शब्द मागितले तर प्लेटही आला, त्यात पी एकच असून. उलट बाजूने, 'या सहा अक्षरांबाहेरचं काही नको' म्हटलं तर टेंट येतो. पण परवाच्या डावात टीचा पत्ता एकच होता, टेंट कसा मांडणार?

लिहिता लिहिता लक्षात आलं की माझे प्रश्न दोन आहेत. एक, या अक्षरांतूनच होणारे शब्द. दोन, ही सगळी अक्षरं ज्यांत आहेत असे शब्द, मग सोबत आणखी काही असली तरी चालतील. दुसरा खेळ मला मोठ्या मुलांसाठी हवा आहे. कुणी वाट दाखवेल का?

प्रतिसाद १

ताई, दोन्ही प्रश्नांना एकच रकाना पुरतो. एक्सेलमध्ये सबस्टिट्यूट नावाचं सूत्र आहे, ते शब्दातलं सांगितलेलं अक्षर बदलतं किंवा पुसतं. त्याच्या शेवटी १ लिहिला की ते अक्षर फक्त पहिल्या जागी पुसलं जातं, बाकीचं तसंच राहतं. म्हणजे तुमचा एक पत्ता खर्च झाला. सहा अक्षरांसाठी सहा सबस्टिट्यूट एकात एक बसवा. पी दोनदा हवा असेल तर पीचं सूत्र दोनदा.

आता शिल्लक काय उरलं ते पाहा. काहीच उरलं नाही, तर शब्द तुमच्या पत्त्यांत होतो. टाइन पूर्ण पुसला जाईल, टेंटमध्ये एक टी उरेल. दुसऱ्या प्रश्नासाठी मूळ शब्दाची लांबी वजा शिल्लक लांबी. उत्तर ६ आलं, तर सहाही अक्षरं त्यात आहेत. सायलेंटलीमधून एल आणि वाय उरतात, म्हणजे तो दुसऱ्या यादीत जाईल, पहिल्यात नाही. दोन्ही अटी एकदम जुळल्या तर सहाही पत्ते वापरणारे शब्द : सायलेंट, लिसन, एनलिस्ट, टिन्सेल, इनलेट्स.

हे सूत्र लहान-मोठी लिपी वेगळी धरतं. यादी आधी लोअर सूत्राने लहान लिपीत करून घ्या, नाहीतर निम्मे शब्द गळतील आणि कळणारही नाही.

प्रतिसाद २

मॅडम, यादी कोणती आहे तेही पाहून घ्या. एनेबल नावाची यादी सर्वांना मोफत खुली आहे, पावणेदोन लाखांच्या आसपास शब्द आहेत. एक्सेलच्या एका पानात १०,४८,५७६ ओळी मावतात, तेव्हा जागेची चिंता नाही. पण तिच्यात आपल्या पोट्ट्यांनी कधी ऐकलेही नसतील असे खूप शब्द निघतात. शब्द बरोबर की चूक हे मोठ्या यादीवरून ठरवा. इशारे द्यायचे तर पाठ्यपुस्तकातल्या शब्दांची वेगळी छोटी यादी करा.

आणखी एक. सगळ्या अक्षरांचे पत्ते सारखेच केले काय? तसं असेल तर क्यू, झेड, एक्स हातात येऊन पोट्टे अडत असतील. स्क्रॅबलच्या १०० सोंगट्यांत ई १२ आहेत, ए आणि आय ९-९, ओ ८, एन, आर, टी ६-६, आणि क्यू, झेड, एक्स, जे, के एकेकच. ज्याने तो खेळ काढला त्या आल्फ्रेड बट्सने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून हे प्रमाण बसवलं होतं. तुम्हीही मुलांकडून हितवादचं एक पान मोजून घ्या, आपल्या नागपूरचंच इंग्रजी वर्तमानपत्र आहे, १९११ पासूनचं. मोजता मोजता अक्षरं डोळ्याखालून जातात, तो अभ्यास फुकट.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री कूलरसमोर बसून सूत्र बसवलं. ते लागू केल्यावर आधी काहीच येईना, मग लोअरचं आठवलं. टाइन पहिल्याच पानावर दिसला. आणि हो, पत्ते मी सगळ्या अक्षरांचे चार-चार केले होते. ईचे आणखी आठ आज कापले.

सकाळी सगळ्यांसमोर त्या मुलाला सांगितलं की परवा तू बरोबर होतास, बाईंची चूक झाली. घरातला काटा आणून टाइन दाखवला. तो काही बोलला नाही, पण डाव वाटल्यावर पहिला पत्ता त्यानेच उचलला.

आता एकच अडचण : एखादा पत्ता कोरा, कोणत्याही अक्षराचा धरायचा असेल, तर सूत्रात तो कसा मोजू?

प्रतिसाद १

ताई, शिल्लक शून्याऐवजी एकपर्यंत चालू द्या. जे एक अक्षर उरेल, तेच कोऱ्या पत्त्याचं.