मदत हवी आहे : रफियाच्या लढाईत क्रीट बेटाचे तिरंदाज कुठे उभे करू?

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी आमच्या वाचनालयात रफियाच्या लढाईवर बोलायचं आहे. इ.स.पू. २१७, गाझाच्या दक्षिणेला इजिप्तचा चौथा टॉलेमी आणि सीरियाचा तिसरा अँटिओकस समोरासमोर आले ती. भिंतीवर लावायला मोठा नकाशा काढतोय. फॅलँक्स (लांब भालेवाल्या पायदळाची दाट रांग) झाली, घोडदळ झालं, हत्तीही झाले. हत्तींच्या जागी आधी ग्राफपेपरवर चिंचोके मांडून बघितले, टॉलेमीचे ७३ आणि अँटिओकसचे १०२. गाडी अडलीय ती तिरंदाजांपाशी.

तिरंदाज म्हटलं की बाणांचा पाऊस डोळ्यांपुढे येतो, म्हणून मी त्यांना फॅलँक्सच्या मागे उभं केलं होतं. मग प्राचीन ग्रीक इतिहासकार पॉलिबियस पुन्हा वाचला आणि सगळं पुसलं. फॅलँक्समध्ये पहिल्या पाचच ओळींचे भाले पुढे निघतात. मागचे सगळे आपापले भाले पुढच्यांच्या डोक्यांवर तिरके धरतात आणि वरून येणारे बाण त्या जाळीत अडतात. अशा भिंतीवर बाण वाया घालवायला तिरंदाज कोण नेमेल?

टॉलेमीकडे क्रीटचे ३०००, अँटिओकसकडे निओक्रीटन (‘नवे क्रीटवाले’) म्हणवणारे धरून २५००. आणि दोघांनीही त्यांना एकाच टोकाला ठेवलंय : टॉलेमीने डाव्या बगलेला घोडदळाशेजारी, अँटिओकसने उजव्या बगलेला, तेही घोडदळाशेजारीच. नेमक्या त्याच टोकाला ४० हत्तींसमोर ६० हत्ती आहेत. हा योगायोग असेल असं मला मुळीच वाटत नाही.

मग हे लोक रांगेतच ठेवू की हत्तींच्या मधल्या जागेत? आणि हत्ती भिडले की ते मागे कुठून निघायचे? जाणकारांनी गुरुवारपर्यंत सांगितलं तर फार उपकार होतील. चुकीचा नकाशा लोकांसमोर लावायची माझी इच्छा नाही.

प्रतिसाद :

गाझाची लढाई बघा, इ.स.पू. ३१२. जागा जवळचीच. मॅसेडोनियन सेनापती डेमेट्रियसने डाव्या बगलेपुढे ३० हत्ती लावले आणि मधल्या जागांत १००० भालाफेके व तिरंदाज आणि ५०० इराणी गोफणवाले भरले, असं ग्रीक इतिहासकार डायोडोरस लिहितो. म्हणजे एका हत्तीला ५० माणसं. त्यांचं काम हत्तीला जपायचं. समोर पहिल्या टॉलेमीच्या हलक्या पायदळाने हत्तींवर आणि माहुतांवर नेम धरला. बरेचसे माहूत पडले आणि हत्ती सगळेच्या सगळे पकडले गेले. हे माहूत भारतीय होते. ग्रीकांचा माहुतासाठीचा शब्दच मुळी 'इंडोस'.

क्रीटवाले मात्र पॉलिबियसने सांगितलेत तिथेच, रांगेत ठेवा. हत्तींच्या मधल्या माणसांचे ठिपके पेन्सिलने काढा आणि शेजारी 'गाझावरून अंदाज' असं लिहा. मागे यायला फटी ठेवा. रफियाला टॉलेमीचे हत्ती उलटून त्याच्याच रांगेवर आले आणि राजाचं खास पथक रेटलं गेलं, तेही बाणाने दाखवा.

धागाकर्ता :

मनापासून आभार! ४० हत्तींना ५०च्या हिशेबाने २००० ठिपके होतात, म्हणून एक ठिपका म्हणजे १० माणसं धरलीत. आता फक्त दोन हत्तींमधलं अंतर किती धरायचं तेवढं कुणीतरी सांगा.