मानेतली नस फाटली होती, आता जोर-बैठका कधी सुरू करू?

मोंढ्यावरचा, परभणी
नमस्कार मंडळी. वय ३८, मोंढ्यात आडत दुकानावर मुनीम आहे. कुस्ती कधीच सुटली, पण पहाटेच्या दोनशे बैठका अन् शंभर जोर सुटले नव्हते.

उरूस लागायच्या आठवडाभर आधी कटिंगला गेलो. नेहमीसारखी चंपी झाली, मग मान डावीकडं काड्, उजवीकडं काड्. वीस वर्षं मोडून घेतोय, कधी काही झालं नाही. ह्या वेळी रात्री उजवीकडं मानेच्या मागं ठणकायला लागलं. उशी बदलली, बाम चोळला. चौथ्या दिवशी हिशोबाची पट्टी लिहिता लिहिता दुकान गरगर फिरलं, उलटी झाली, उचकी लागली ती थांबेचना. जवळच्या दवाखान्यात पित्ताची सुई देऊन घरी पाठवलं. संध्याकाळी अंघोळीला बसलो, तर उजव्या पायावर पाणी कढत अन् डाव्यावर कोमट. एकाच तांब्यातलं पाणी! बायको म्हणाली, हे पित्त नाही. रात्रीच नांदेड गाठलं. एमआरआयमध्ये निघालं की उजव्या बाजूची व्हर्टिब्रल आर्टरी (मानेच्या मागून मेंदूला रक्त नेणारी नस) आतून फाटली, अन् मेंदूच्या मागच्या भागात छोटा स्ट्रोक.

आता तीन महिने होत आलेत. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ह्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. गिळताना ठसका लागत नाही, चाल सरळ झाली. कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं पहाटे ४० मिनिटं चालतो. पंधरा दिवसांनी सीटी अँजिओ, म्हणजे नसांचा स्कॅन आहे.

डॉक्टर म्हणाले, हळूहळू व्यायाम करा, जड उचलू नका. हळूहळू म्हणजे किती? जड म्हणजे काय? आमच्याकडं सोयाबीनचा कट्टा पन्नास-साठ किलोचा, वीस किलोला कोणी जड म्हणतच नाही. बाहेर लाईन लागलेली, विचारायची लाज वाटली. वस्ताद म्हणतात जोर मार, रक्त फिरंल. मामा म्हणतात शीर्षासन कर. खरं सांगू का, भीती वाटायलीय. कूस बदलताना सुद्धा श्वास धरून ठेवतो.

पापणीवाला, जालना
भाऊ, माझी गळ्यातली डावी कॅरोटिड (मेंदूला रक्त नेणारी मोठी नस) फाटली होती, व्हॉलीबॉल खेळताना. डावी पापणी लोंबली, बुबुळातला काळा ठिपका लहान झाला. सगळे म्हणाले जागरण झालं असेल.
दुसऱ्या महिन्यात शहाणपणा करून गॅसची टाकी जिन्यानं वर नेली. डोकं असं भणभणलं की रात्र इमर्जन्सीत काढली. नवीन काही निघालं नाही, पण बायकोचं बोलणं आजवर चालू आहे. सहा महिन्यांनी स्कॅन चांगला आला, तेव्हा डॉक्टरांनी जॉगिंगला हो म्हटलं. व्हॉलीबॉल मीच सोडला. स्मॅश मारताना मान झटकन मागं जाते, ते नको वाटतं.

निसर्गप्रेमी
गोळ्यांनी रक्त पातळ करण्यापेक्षा मानेला तिळाच्या तेलाची खोल मालिश आणि रोज सर्वांगासन करा. नस आपोआप मोकळी होते.

फिजिओताई, लातूर
वरच्या सल्ल्यातलं काहीही करू नका. फाटलेल्या नसेच्या आतल्या अस्तराखाली रक्त शिरतं, तिथं गुठळी होते, ती सुटून मेंदूत जाते. अशा मानेला खोल मालिश, झटका, शीर्षासन, सर्वांगासन, हलासन, सगळं बंद. सलूनमधल्या बेसिनवर मान मागं टाकून केस धुणंसुद्धा. गोळ्या मनानं सोडू नका, आणि अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणू नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

दादा, बहुतेक नसा तीन ते सहा महिन्यांत भरून येतात, पण तुमची किती भरली ते अँजिओच सांगेल. तोवर चालणं उत्तम. चालताना बोलता आलं पाहिजे, गाता आलं नाही तरी चालेल. एप्रिलात परभणीचं ऊन सात वाजताच चढतं, म्हणून लवकर निघा, पाणी पिऊन निघा.

'जड' हे किलोवर ठरवू नका. श्वास धरून कण्हावं लागलं की ते तुमच्यासाठी जड. त्या क्षणी बीपी एकदम उसळतं. संडासला जोर लावणंही त्यातच आलं. जोर मारताना दंड आणि मान दोन्हींवर भार येतो, ते अँजिओनंतर विचारून. बैठका आधी येतील, त्याही दहापासून, श्वास चालू ठेवून. कुस्ती आणि मानेचा पूल (डोक्यावर भार घेऊन अंग कमानीसारखं उचलणं) मात्र कायमचे विसरा. आणि कूस बदलायला घाबरू नका, रोजच्याइतकी मान फिरवायला हरकत नसते, झटका नको.

मानेत नवं दुखणं, दोन-दोन दिसणं, तोंड वाकडं, बोबडं बोलणं, तोल जाणं, यातलं काहीही झालं तर पित्त समजू नका. लगेच १०८. गुठळी विरघळवायची सुई सहसा साडेचार तासांच्या आत देतात. अजून डाव्या बाजूला गरम कळत नसेल तर शेकायची पिशवी लावू नका, भाजलेलं कळणार नाही.

मोंढ्यावरचा, परभणी
ताई, लई उपकार. जुन्या पट्टीच्या पाठीवर प्रश्न लिहून ठेवलेत: कट्टा, बैठका, गाडीवर मागं वळून बघणं. ह्या वेळी लाईन असली तरी वाचून दाखवणार.

गरम अजून कळत नाही. काल कटिंगवाल्याकडं गेलो. म्हटलं मान मोडू नको, माझीच नाही, कोणाचीच. तो हसला. मग चहा आला, तो पेला मी डाव्या मुठीत धरून बसलो. त्यानं बोट लावलं अन् झटकन मागं घेतलं. आता म्हणतो, गिऱ्हाइकाला विचारून मोडीन. विचारून!